भोंगा गप्प बसला तो हंगाम

आमच्या सरांचा आवाज आधी मैदानात यायचा आणि सर मागून. फाटकापाशी गाडी लावता लावताच त्यांची सुरुवात व्हायची, "पळताय की फेरफटका मारताय? गुडघे वर! गुडघे!" पलीकडच्या रस्त्यावरचा सायकल दुरुस्तीवाला म्हणे त्या आवाजावर दुपारच्या चहाचं भांडं विसळायला घ्यायचा. पाठीमागे आम्ही त्यांना भोंगा म्हणायचो. समोर अर्थातच सर.

गंमत अशी की मी याच माणसाकडून गाडी चालवायला शिकले होते. पेट्रोल पंपाला लागून त्यांची ड्रायव्हिंग स्कूलची खोली. आत एक टेबल, टेबलावर रंगाने आखलेला चौक, आणि कुणी कुणाला आधी जाऊ द्यायचं ते समजावायला खेळण्यातल्या गाड्या. पहिल्याच दिवशी मी गाडी थेट बसस्टॉपच्या दिशेने नेली. तिथली माणसं चारी बाजूंना पांगली. सर मात्र आपले खिडकीबाहेर बघत असल्यासारखे म्हणाले, "हं. आता स्टिअरिंग जरासं उजवीकडे. आपल्याला काही घाई नाही. छान." वर म्हणाले, "तुमचे हात चांगले लांब आहेत हो. कधी गोलात उभ्या राहिलात का? आमच्या बायकांच्या फुटबॉल टीमला गोलकीपर नाहीये."

मी लॉन्ड्रीच्या काउंटरवर काम करते. दिवसभर लोकांचे कोट उंच दांडीवर टांगायचे, म्हणून असतील हात लांब. शाळेत खेळले होते थोडंफार. गेले मैदानावर. गाडीत मी 'तुम्ही' होते. मैदानावर पाऊल टाकलं आणि 'तू' झाले. अर्ध्या तासात "ए गोलकीपर, झोपलीस का?" इथपर्यंत मजल गेली. मला वाटलं, गाडीतला माणूस वेगळा, हे त्याचे जुळे भाऊ असावेत.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. बायकांची टीम म्हणून क्लबमध्ये आम्हाला कुणी विचारत नसताना हाच एक आमच्यासाठी भांडायचा. सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या नंतर जायचा, गोलाची फाटलेली जाळी घरी नेऊन स्वतः विणायचा. माझं बोट निखळलं तेव्हा मला दवाखान्यात नेताना त्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं. पण सामना सुरू झाला की काय अंगात यायचं कोण जाणे. रेषेच्या कडेने धावत प्रत्येक पास, प्रत्येक पाऊल तेच सांगायचे. "दे! दे! अगं दे ना! आता नको!"

माझं म्हणाल तर बॉल माझ्याकडे यायला लागला की मला बॉल दिसायचाच नाही, फक्त आवाज ऐकू यायचा. 'पुढे ये' ऐकलं की मी पुढे, 'मागे हो' ऐकलं की मागे, आणि तेवढ्यात बॉल जाळीत जाऊन विसावलेला. आमची स्ट्रायकर, तिला आम्ही तोफ म्हणतो, ती प्रसूतिगृहात नर्स आहे. तिथे एका वेळी तीन तीन बायका कळा देत असल्या तरी हिची पापणी हलत नाही. तीच तोफ गोलासमोर आली की सरांचा आवाज कानात पडून हातपाय गाळायची आणि बॉल झाडात मारायची. झाडातच. गोलाच्या मागे एक झाड होतं.

त्या हंगामात आम्ही हरत हरत तळाला गेलो. मग आमची सगळ्यात वेगवान पोरगी, उजवीकडून धावणारी, एका संध्याकाळी बूट हातात घेऊनच आली. म्हणाली, "रविवारी सामन्याला निघताना वाटतं, बूट सापडूच नयेत. खेळायला येते की परीक्षेला, तेच कळत नाही. मला माफ करा." आणि गेली. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. अकरा जणी जेमतेम उरलो. सर हादरले. आणि हादरलेला भोंगा काय करणार? दुप्पट वाजायला लागला.

शेवटी वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, मनावर घेतलं. त्या दर सामन्याला मध्यंतरात आम्हाला संत्री सोलून द्यायच्या आणि नवऱ्याकडे बघत मान हलवायच्या. त्यांची धाकटी बहीण खेळाडूंच्या कॉलेजात शिकवायची. विषय, मनाची तयारी. तिची बदली नेमकी आमच्या गावात झाली होती. वहिनींनी तिला एका संध्याकाळी मैदानावर आणून उभं केलं. उंच बाई, बारीक कापलेले केस, खिशात भाजलेले शेंगदाणे. आम्ही तिला ताई म्हणायला लागलो.

सर हसले. "मनाचा व्यायाम? अगं, फुटबॉल पायाने खेळतात. मन काय पायात असतं?"

"भावोजी," ताई शेंगदाणा तोंडात टाकत म्हणाली, "घाबरल्यावर मग पायच का लटपटतात?"

त्या दिवशी तिने काहीच केलं नाही. नुसती बसून बघत राहिली. सराव संपल्यावर आम्हाला गवतावर गोल करून बसवलं आणि एकच प्रश्न विचारला, "आज सगळ्यात जास्त मजा कधी आली?"

आम्ही बुटांच्या नाड्यांकडे बघत बसलो. मग तोफेच्या तोंडून निसटलं, "पाणी प्यायला थांबलो तेव्हा."

आम्ही खो खो हसलो. हसता हसता माझी नजर सरांकडे गेली आणि माझं हसू तिथेच आटलं. त्यांचा चेहरा असा पडला होता की बघवेना. ते वाकले आणि मैदानावरचे शंकू एकेक करून उचलायला लागले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून आवाज न निघता झालेलं ते पहिलं काम.

पुढच्या सरावाला मी लॉन्ड्रीतून सरांच्याच गाडीने गेले. मी मागच्या सीटवर, मांडीवर बॉलची जाळी. गाडी ताई चालवत होती. तिच्याकडे लायसन होतं, सवय नव्हती, म्हणून सर शेजारी बसून तिचा हात बसवून देत होते. चौकात तिने भलताच गिअर टाकला, गाडी आचके देत बंद पडली, मागून हॉर्नवर हॉर्न. सर म्हणाले, "वाजवू देत. त्यांचे हॉर्न आहेत. तू क्लच दाब. हं, छान."

गाडी पुढे निघाल्यावर ताई म्हणाली, "भावोजी, खरं सांगा. आत्ता माझ्यावर ओरडावंसं नाही वाटलं?"

"छे! ओरडलं की शिकणारा दचकतो. दचकला की चुकतो. साधी गोष्ट आहे."

मी मागे बसून जाळीत तोंड खुपसलं. ताईने आरशातून माझ्याकडे पाहिलं, पण हसली नाही. म्हणाली, "मग मैदानावर?"

सर मग आपल्या पायाकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे माझ्या पायाखाली ब्रेक आहे. तू कितीही चुकलीस तरी मी गाडी थांबवू शकतो. तिथे माझ्या पायाखाली काहीच नसतं गं. बॉल आपल्या गोलाकडे येतो आणि मी रेषेबाहेर उभा. जीव घशात येतो. ओरडलो की वाटतं, काहीतरी करतोय."

हे ते इतकं सरळ बोलले की मला मागे बसल्याचीच लाज वाटली. ताईने गाडी बाजूला घेतली, नीट ब्रेक लावून थांबवली. "ब्रेक त्यांच्याच पायाखाली द्या ना, भावोजी. त्यांना वापरायला शिकवू या. आणि तुमच्या घशाचंही बघू."

तिथून आमचं जे काही सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. पहिला आठवडा नुसता हशा. ताईने आम्हाला डोळे मिटून बसवलं आणि सांगितलं, मनातल्या मनात खेळा. बुटाखालचं गवत जाणवू दे, बॉलचा आवाज येऊ दे, शॉट मारा. दोन मिनिटांनी तोफ डोळे उघडून ओरडली, "ताई! माझा बॉल मनातसुद्धा झाडात गेला!"

आम्ही लोळायच्याच बाकी राहिलो. ताई मात्र खूश. "अगदी बरोबर! सवय तिथपर्यंत पोचलीय. आता तो बॉल झाडातून परत आण. मनातच. आणि पुन्हा मार, हळू. सिनेमा तुझा आहे, तुला हवा तसा चालव." तोफ आठवडाभर रोज ड्युटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत बसून झाडातले बॉल काढत होती. एक दिवस नाचतच आली, "गेला! आत गेला! खांबाला लागून, पण आत!"

मग प्रत्येकीने आपापला एक शब्द शोधायचा, बॉल पायात आला की मनाशी म्हणायचा. कॅप्टन चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, तिचा शब्द 'स्वच्छ'. तोफेचा शब्द 'आता'. ती म्हणाली, "बाळ बाहेर यायच्या क्षणाला मी आईला तेच सांगते. श्वास घ्या, घ्या, घ्या... आता!" आणि माझं काय? मला गोल झाल्यावर सावरायचं होतं. एक गोल खाल्ला की मी उरलेला सामना त्याच गोलात उभी असायचे. ताईने विचारलं, "लॉन्ड्रीत एखाद्या कोटावरचा डाग निघाला नाही तर काय करतेस?" म्हटलं, "बाजूला टांगते आणि पुढचा घेते." "मग इथेही टांग." आम्ही ठरवलं, गोल झाला की हातमोज्यांचा वेल्क्रो चर्रकन उघडायचा, तो गोल तिथे टांगायचा, वेल्क्रो परत लावायचा. पुढचा बॉल.

सामन्याआधी प्रत्येकीने स्वतःचं ठरवायचं, आज मी काय करून बघणार. जिंकण्याबद्दल नाही बोलायचं, आपल्या हातातलंच काहीतरी. आणि सराव संपला की रोज तोच प्रश्न, मजा कधी आली. आता उत्तरं देताना एकमेकींचं बोलणं तोडायला लागलो आम्ही.

सगळ्यात अवघड अभ्यास सरांचा होता. हुकूम बंद, फक्त प्रश्न विचारायचे. पहिल्या दिवशी त्यांनी शिव्यांच्या सुरातच प्रश्न विचारले. "तुला... तुला काय वाटतं, तू तिथे का उभी आहेस? हा प्रश्न आहे!" ताई लांबून हाताने दाखवायची, श्वास आत, श्वास सावकाश बाहेर. सर लाल होऊन श्वास सोडायचे, कुकरची वाफ जावी तसा. पण माणूस जिद्दी. हळूहळू सूर खाली आला. एकदा मला म्हणाले, "आत्ता तू पुढे आलीस, काय बघून आलीस?" मी सांगितलं, तिच्या पायापासून बॉल जरा लांब गेला होता. सर माझ्याकडे बघतच राहिले. "हे मला इथून दिसलंच नव्हतं," ते म्हणाले. त्या संध्याकाळी मी घरी उड्या मारत गेले. नवऱ्याने विचारलं, जिंकलात का? म्हटलं, नाही रे, सराव होता.

मग पहिला सामना आला, ज्यात सर एक अक्षर बोलणार नव्हते. त्यांनी घाम पुसायचा टॉवेल दातांत धरला होता. रेफरीने येऊन काळजीने विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुमची?" वहिनींनीच उत्तर दिलं, "आज पहिल्यांदाच बरी आहे." आम्ही आधी बावरलो. इतकी शांतता! मग कॅप्टनचा आवाज आला, मग माझा, मग डावीकडून, उजवीकडून. आम्हाला आवाज होते, हे आम्हालाच माहीत नव्हतं. तो सामना आम्ही थोडक्यात हरलो. पण संपल्यावर घरी जायला कुणी तयार होईना. कपडे न बदलता गवतावर बसून, तो पास आठवतोय का, अगं तू कशी वळलीस, असं चाललं होतं. सर तिथे येऊन बसले. टॉवेलाला दातांची भोकं पडली होती.

यथावकाश शेवटचा सामना उभा राहिला. हरलो असतो तर खालच्या गटात, आणि क्लबच्या सेक्रेटरीने सांगून ठेवलं होतं, मग बायकांच्या टीमचं पुढच्या वर्षी बघू. 'बघू' म्हणजे काय ते आम्हाला कळत होतं. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार होतो. समोर रंगाच्या कारखान्याची टीम, आधी आमचा पार धुव्वा उडवून गेलेली.

पण त्या दिवशी काय सुरेख खेळलो आम्ही! काय सांगू! मला बॉल दिसत होता. शिवण दिसत होती बॉलची! त्यांचे दोन जोरदार शॉट मी अडवले आणि मला मोठ्याने हसू आलं, त्यांची स्ट्रायकरसुद्धा गोंधळून बघायला लागली. मध्यंतरात सरांनी इतकंच विचारलं, "काय दिसतंय?" कॅप्टन म्हणाली, "त्यांची डावी बॅक दमलीय. तोफेला त्या बाजूला पाठवते." सरांचे ओठ हलले, मिटले. संत्र्याची फोड तोंडात घालून ते म्हणाले, "पाठव."

पाठवलं. कॅप्टनचा पास, तोफ एकटी, समोर फक्त त्यांची गोलकीपर. अख्ख्या मैदानाने ऐकलं, तोफ प्रसूतिगृहात ओरडते तशी ओरडली, "आताऽऽ!" आणि बॉल आत. झाड रिकामं! मी माझ्या टोकाला एकटीच नाचत होते.

कारखानेवाल्या चवताळल्या. एक उंच बॉल आला, मी अंदाज चुकले, माझ्या बोटांवरून घसरून आत गेला. बरोबरी. पूर्वी तिथेच सामना संपला असता माझ्यापुरता. मी वेल्क्रो उघडला. चर्र. टांगला. लावला. "पुढचा!" मी ओरडले, आणि पाठीमागून पुढेपर्यंत सगळ्या ओरडल्या, "पुढचा!"

आणि अगदी संपत आलं असताना आमच्या बॅकच्या हाताला बॉल लागला. पेनल्टी.

सवयीने मी सरांकडे बघितलं. दातांतला टॉवेल गळून पडला होता. मला वाटलं, आता ओरडणार. त्यांनी मोठा श्वास घेतला, सावकाश सोडला, आणि डाव्या मनगटावरून उजवा हात फिरवला. नसलेल्या हातमोज्याचा वेल्क्रो उघडला, परत लावला. आणि हसले. कधी बघून ठेवलं होतं त्यांनी? मी तर त्यांना ते कधी सांगितलं नव्हतं.

मी रेषेवर जाऊन उभी राहिले. शॉट मारणारीच्या पायाकडे बघत राहिले, उजवीकडे झेपावले, बॉल माझ्या कोपराला लागून परत पुढे. ती पुन्हा धावली, पण कॅप्टन तिच्या आधी पोचली आणि तिने जीव खाऊन बॉल बाहेर तडकावला. बॉल कुंपणावरून गेला आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा आरसा घेऊन खाली पडला. काच खळ्ळकन फुटली, आणि त्याच क्षणी शिट्टी!

मग भोंगा वाजला. काय वाजला! हात पसरून सर मैदानभर धावत होते आणि एकेकीला हाक मारत होते, तोफ! कॅप्टन! गोलकीपर! दुसरा शब्दच नाही. वहिनी आणि ताई एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. "भावोजी, आरसा!" ताई म्हणाली. "खड्ड्यात गेला आरसा!" सर म्हणाले आणि तोफेने त्यांना उचललं. खरंच उचललं, बाईच्या अंगात ताकद आहे.

पुढच्या हंगामात आमची वेगवान पोरगी परत आली, आणि येताना मैत्रीण घेऊन आली. आता बाकावर बसायलासुद्धा रांग असते. ताई महिन्यातून एकदा येते. रोजचा प्रश्न आता सरच विचारतात, आणि उत्तर ऐकायला थांबतात.

पण खरी बातमी त्यानंतरची आहे. एका संध्याकाळी गोल करून बसलो असताना कॅप्टनने सरांनाच विचारलं, "सर, तुम्हाला मजा कधी आली?" सर गडबडले. विचार करून म्हणाले, "तुम्ही गोळा व्हायच्या आधी एकटाच बॉल मारत होतो, तेव्हा." मग स्वतःच म्हणाले, "बाप रे."

गेल्या महिन्यापासून सर पन्नाशीच्या पुढच्या लोकांच्या टीममध्ये उजवा बॅक म्हणून खेळतात. आम्ही सगळ्या बघायला जातो. पहिल्या सामन्याआधी ते रेषेपाशी आले, पांढरे पाय, नवे बूट, चेहरा घाबराघुबरा. म्हणाले, "हे बघा, ओरडू नका हं. माझं लक्ष विचलित होतं."

आम्ही शहाण्या मुलींसारख्या माना डोलावल्या. सामना सुरू झाला, बॉल सरांच्या पायात आला, आणि सर धावत सुटले. समोरचा एक चुकवला, दुसऱ्याला चुकवताना स्वतःच घसरून पडले, उठले, अंगाला माती, आणि दात दाखवून असे हसत होते की विचारू नका. मग कुणाला राहवणार? आम्ही बाकावर चढून घसा फुटेस्तोवर ओरडलो.